लोणीमास्तर आणि कान तुटलेला कप

माझ्या थोरल्या भावाला अख्खा रस्ता लोणीमास्तर म्हणतो आणि मला भोंगा. ही नावं कोणी ठेवली ते ठाऊक नाही, पण ज्याने ठेवली त्याने आम्हा दोघांना नीट पाहिलं होतं एवढं नक्की. मी शेडमध्ये बोललो की समोरच्या टायरवाल्याला ऐकू जातं. दादा बोलला तर शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही "काय म्हणालात?" असं विचारावं लागतं.

शेड आमची दोघांची. पुढच्या अर्ध्या भागात मी इंजिनं उघडतो, मागच्या अर्ध्या भागात दादा गिअरपेट्या उघडतो. त्याही साध्या नव्हेत, ऑटोमॅटिक. ज्या गाडीत क्लचचं पेडल नसतं आणि गिअर आपला आपण बदलतो, तिची पेटी. भलेभले मेकॅनिक तिला हात लावायला कचरतात. उघडली की चारशे तुकडे बाहेर येतात आणि परत बसवताना तीनशे नव्वदच बसतात, उरलेले दहा कुठले ते कोणालाच सांगता येत नाही. दादाचं मात्र आजवर काही उरलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याचं टेबल म्हणजे दोन पिंपांवर आडवं टाकलेलं एक जुनं दार आहे. त्यावर तुकडे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेले असतात आणि प्रत्येकाशेजारी एक चिठ्ठी. कुठून काढला, का काढला, परत बसवायचा की नाही. शाळेत दादाचं अक्षर बरं नव्हतं म्हणे, पण या चिठ्ठ्यांवरचं अक्षर छापल्यासारखं. पुसायला तो छत्रीचं कापड वापरतो. साध्या चिंधीचा धागा सुटतो, तो आतल्या बारीक भोकात अडकतो आणि पेटी आजारी पडते. छत्रीच्या कापडाचा धागा सुटत नाही. त्यामुळे आमच्या रस्त्यावर मोडकी छत्री कोणी टाकून देत नाही, दादाला आणून देतात. पावसाळा संपला की त्याच्या कोनाड्यात वीस-पंचवीस छत्र्या गोळा झालेल्या असतात आणि नवखं गिऱ्हाईक हमखास विचारतं, इथे छत्र्याही दुरुस्त होतात का?

आता कपाविषयी. पांढरा, चिनी मातीचा, कान तुटलेला. पेटी बसवून झाली की दादा तो कप पाण्याने काठोकाठ भरतो, समोर डॅशबोर्डवर रबराच्या चकतीवर ठेवतो आणि गाडी रस्त्यावर काढतो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. पाण्याचा एक थेंब सांडायचा नाही. सांडला तर पेटी परत उतरवायची. बत्तीस वर्षं हा नेम होता आणि बत्तीस वर्षं कप सांडला नव्हता. लोक नुसती ती चाचणी बघायला यायचे. टायरवाला तर हातातला पाना टाकून यायचा. गाडी परत आली की कपात डोकावून म्हणायचा, "लोणी!" नाव बहुतेक तिथूनच पडलं असावं.

दादा स्वभावानेही तसाच. वडील गेले तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि मी बारा. त्या दिवसापासून माझं सगळं त्याने निस्तरलं. मी कुणाची काच फोडायची, दादाने नवी बसवून यायचं. मी वर्गात भांडायचं, दादाने मास्तरांपुढे मान खाली घालून उभं राहायचं. एकदाही त्याने माझ्यावर हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मोठेपणी फरक इतकाच पडला की काचेच्या जागी गाड्या आल्या. गिऱ्हाईक दारात आलं की मी "होईल!" म्हणायचं, आणि ते कसं होणार याचा विचार दादाने करायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला, हे माझ्याविषयी आई नेहमी म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

तर अशा आमच्या शेडमध्ये एक दिवस हेडबाई गाडी घेऊन आल्या.

एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झालेल्या. आम्ही दोघं त्यांच्या शाळेत नव्हतो, तरी त्यांच्यासमोर आपोआप सरळ उभे राहतो. गाडी त्यांच्या यजमानांची. फिकट हिरवी, लांब नाकाची, माझ्याहून वयाने मोठी. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून बाई स्वतः चालवतात. शहरामागच्या डोंगरावर त्यांची धाकटी बहीण राहते. तिच्या गुडघ्यांनी साथ सोडलीय, ती खाली उतरू शकत नाही. दर पंधरा दिवसांनी बाई वर जातात. पण तो चढ अकरा वळणांचा, आणि त्या गाडीचं मूळ इंजिन म्हणजे दमेकरी म्हातारं.

"मागच्या खेपेला," बाई म्हणाल्या, "दुधाची गाडी मला मागे टाकून गेली. भरलेली. आणि वर दुधवाल्याने मला हात हलवून दाखवला."

हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. नवी गाडी घ्यायची नाही, हीच हवी, पण हिने चढ चढला पाहिजे. मी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि छाती फुगवून म्हणालो, "होईल बाई. ताकद दीडपट करून देतो. दुधाच्या गाडीला तुम्ही हात हलवाल."

मागे दादा पाना पुसत उभा होता. मी वळून न बघताच म्हणालो, "पेटीचं दादा बघेल."

दादा पुढे आला, त्याने गाडीखाली वाकून पाहिलं. मग म्हणाला, "बघतो."

माझं काम मला आवडतं, त्यामुळे ते मी मन लावून केलं हे सांगायला मला लाज वाटत नाही. सिलिंडर रुंद केले, मोठे पिस्टन घातले, कार्बोरेटर बदलला, हेड घासून बसवलं. चालू केलं तेव्हा इंजिन असं गुरगुरलं की टायरवाला रस्ता ओलांडून आला. पण इंजिनाची ताकद वाढवली की ती चाकांपर्यंत जायची वाट गिअरपेटीतूनच जाते. जुनी पेटी जुन्या इंजिनाच्या मापाची. दुबळ्या बैलाच्या जोखडाला दांडगा बैल जुंपला तर जोखड मोडणार, हे पोरालाही कळतं.

दादाने त्या पेटीवर तीन आठवडे घालवले. त्याने काय केलं ते मी जमेल तसं सांगतो. अशा पेटीत पातळ गोल प्लेटा असतात, एक लोखंडाची, एक खरखरीत, अशा एकाआड एक. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हा गिअर बसतो. आधी चार खरखरीत प्लेटा होत्या, दादाने पाचवी बसेल अशी जागा केली. त्यासाठी वरची जाड चकती लेथवर घासून बारीक केली. मधला दांडा जाड घातला. तेलाचं भांडं खोल केलं, तेल गार करायला पुढे एक जाळी बसवली. नव्या प्लेटा बसवायच्या आधी त्याने रात्रभर तेलात भिजत घातल्या, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात.

आणि शेवटचं, सगळ्यात छोटं काम म्हणजे उशी. तेलाचा दाब प्लेटांवर एकदम आदळू नये म्हणून मध्ये एक स्प्रिंग असते, तिला आम्ही उशी म्हणतो. उशी मऊ असली की गिअर हळूच बसतो, आत बसलेल्याला कळतही नाही. पण तेवढा वेळ प्लेटा एकमेकींवर घासत राहतात. उशी ताठ असली की गिअर झटकन बसतो, घासत नाही, पण गाडीत बसलेल्याला धक्का लागतो. ताकद वाढवली की उशी ताठच लागते. हे दादाला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं. त्याने जाड तारेची, निळ्या रंगाची उशी बनवून घेतली आणि घातली.

मग कप भरला. आम्ही गाडी रस्त्यावर काढली, दादा चालवायला आणि मी शेजारी. पहिल्याचा दुसरा झाला तसा खाडकन धक्का बसला आणि कपातलं अर्धं पाणी उडून दादाच्या गुडघ्यावर पडलं.

मी हसलो. नुसता हसलो असतो तर गोष्ट वेगळी. मी काच खाली करून समोर उभ्या असलेल्या टायरवाल्याला ओरडून सांगितलं, "अहो, सांडला! लोणीमास्तरांचा कप सांडला! लोणी कडक झालं!" टायरवाला पोट धरून हसला. शेजारचा सीटकव्हरवाला बाहेर आला, त्याला टायरवाल्याने सांगितलं, तोही हसला. दादाही हसला. मला वाटलं, हसला म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने गाडी परत उचलून घेतली. मी विचारलं तर म्हणाला, "थोडं जुळवतो." दुपारी पुन्हा कप भरला. या खेपेला पाण्यावर साधी सुरकुतीसुद्धा आली नाही. टायरवाला डोकावून "लोणी!" म्हणाला. हेडबाई आल्या, एक फेरी मारून आल्या, उतरताना त्यांनी दादाला हात जोडले. मी म्हणालो, "बघा, मी म्हणालो नव्हतो, होईल म्हणून?"

अकरा दिवसांनी त्यांचा फोन आला. गाडी सातव्या वळणावर बंद पडली होती.

ट्रकवर लादून गाडी आणली तेव्हा तिला हुंगायचीही गरज नव्हती, वास अख्ख्या रस्त्याला येत होता. तरी दादाने तेलाची पट्टी बाहेर ओढली आणि एका फिकट छत्रीच्या कापडावर पुसली. तेल लाल असायला हवं. ते काळं होतं. त्याने कापडाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

हेडबाई ट्रकवाल्याशेजारी बसून आल्या होत्या. चिडल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेत अहवाल वाचतात तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "इंजिन ओरडत होतं, पण गाडी पुढे जाईना. मग मागे सरकायला लागली. मी हॅण्डब्रेक ओढून धरला. मागून तोच दुधवाला येत होता, त्याने उतरून चाकाखाली दगड लावला. त्या वळणाला कठडा नाही, मास्तर."

 बाई गेल्यावर दादाने टेबल पुसलं, हत्यारं जागच्या जागी ठेवली, कापडांच्या घड्या केल्या. अंगातला निळा डगला काढून खिळ्याला अडकवला आणि मला म्हणाला, "माझा हात गेला. आता पेट्या नकोत." मला वाटलं, आजचा दिवस आहे, उद्या येईल.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी दोनदा घरी जाऊन आलो, दोन्ही वेळा वहिनीने दारातूनच सांगितलं, झोपलेत. दादा दुपारी झोपत नाही हे मला माहीत नाही का? मी शेडमध्ये येऊन सगळ्यांवर ओरडलो. टायरवाल्यावर, पत्र्यावर बसणाऱ्या कावळ्यांवर, एका निरपराध रेडिएटरवर. पेटीचं काम घेऊन गिऱ्हाइकं येत होती आणि मी मागचा अर्धा भाग दाखवत होतो, जिथे खिळ्याला डगला लटकत होता. बत्तीस वर्षं माझ्या ओरडण्याला एक गप्प बसणारा माणूस मागे होता. तो नसताना माझा आवाज मलाच नकोसा झाला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. दादाशिवाय मी या शेडमध्ये काय आहे, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

सातव्या दिवशी सकाळी मी ठरवलं, पेटी आपणच उघडायची. काय बिघडलं ते कळलं तर त्याच्यापुढे ठेवता येईल. दादाच्या टेबलावर, दादाच्या पद्धतीने, एकेक तुकडा काढत गेलो आणि चिठ्ठ्या लिहीत गेलो. माझं अक्षर भयंकर आहे. प्लेटा निघाल्या त्या करपलेल्या पावासारख्या, बोट लावलं की काजळी. दांडा धडधाकट होता. भांडं, जाळी, पाचवी प्लेट, सगळं चोख. मग उशी काढली.

ती निळी नव्हती. बारीक तारेची, जुनी, मूळची उशी होती ती.

मी दादाचा खण उघडला. त्यात सगळं कापडात गुंडाळून ठेवलेलं असतं. तिसऱ्या पुडीत निळी उशी सापडली, नव्यासारखी, आणि तिच्याबरोबर छापल्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी. गाडीचं नाव, तारीख, आणि खाली: "हीच बरोबर. पण कप सांडतो."

मी तिथेच स्टुलावर बसलो. तारीख माझ्या हसण्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्या वेळी मला जी लाज वाटली ती कशी सांगू? रस्त्यात सगळ्यांसमोर कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

उशी आणि चिठ्ठी खिशात घालून मी दादाच्या घरी गेलो. दोन खोल्या आहेत त्याच्या, वरच्या मजल्यावर. त्या घरातलं एकही दार करकरत नाही, एकही खण अडकत नाही. या खेपेला वहिनीने "झोपलेत" म्हणायला तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि बाजूला झाली. दादा खिडकीपाशी बसून तिच्या शिवणयंत्राला तेल घालत होता. सात दिवसांत त्याने बहुधा घरातल्या प्रत्येक वस्तूला तेल घातलं असावं.

मी यंत्रावर उशी ठेवली आणि शेजारी चिठ्ठी.

"ही का काढलीस?"

दादाने उशीकडे पाहिलं. "लिहिलंय ना."

"मी हसलो म्हणून?"

तो बराच वेळ तेलाच्या कुपीचं झाकण फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू हसलास त्याचं काय? तू रोजच हसतोस. टायरवाला हसला."

एरवी मी यावर पुन्हा हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

"मला कळत होतं," दादा म्हणाला. "ताठच उशी हवी. हात सांगत होता. पण बत्तीस वर्षं तो कप सांडला नव्हता रे. मी म्हटलं, पाच प्लेटा आहेत, तेल गार राहतंय, निभेल. नाही निभलं. चढावर पेटी सारखी दुसऱ्याचा तिसरा करते, तिसऱ्याचा दुसरा, दर वेळी थोडी घासते. बाई मागे सरकल्या. तिथे कठडा नव्हता."

"चूक माझी आहे दादा."

"नाही. तू हसलास, उशी मी काढली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी चूक मला राहू दे."

तेवढ्यात वहिनी दारातून पुढे आली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मला नुकत्याच मिशा फुटल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत ती मला कधी टाकून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"भावजी, मी आज बोलणार आहे. मऊ लागलं म्हणून कोपराने खणत आलात तुम्ही. दारात कोणीही येऊ दे, तुम्ही 'होईल' म्हणून मोकळे. मग हे घरी येऊन जेवताना ताटाच्या कडेला बोटाने गिअर काढत बसतात. मी वाढलेलं काय खाल्लं ते यांना विचारा, सांगता येणार नाही."

"अगं, जाऊ दे," दादा म्हणाला.

"नाही जाऊ देणार. तुमचं जाऊ दे, जाऊ दे ऐकून माझे केस पांढरे झाले."

 आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला दोष द्यायचा? मी दादालाच विचारलं, "मग तू मला कधी नाही का म्हणत नाहीस?"

"तू विचारतोस कधी?"

त्याने हे रागाने विचारलं नव्हतं. खरोखर आठवून बघत असल्यासारखं विचारलं. "तू विचारलंस तर म्हणेन ना. तू होईल म्हणतोस, मग माझ्यापुढे गाडीच येऊन उभी राहते. गाडीला काय नाही म्हणायचं?"

मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसलो. बाराव्या वर्षी बसायचो तसा. "चुकलो दादा," एवढंच म्हणालो. मोठ्या आवाजाच्या माणसाला हळू बोलता येत नाही असं लोकांना वाटतं, पण मला ते दोन शब्द इतके हळू बोलता आले की वहिनी म्हणाली, "काय म्हणालात?" दादाने माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला आणि उशी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडायला गेलो तर शेड उघडलेली होती. दादा डगला घालून माझ्या चिठ्ठ्या वाचत होता. "हे काय लिहिलंयस? 'गोल भानगड'?"

"गोलच आहे ना ती."

"आणि ही 'दुसरी गोल भानगड'?"

त्याने सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. नव्या प्लेटा भिजत घातल्या, तेलाची प्रत्येक नळी धुतली, तेल गार करणारी जाळी काजळी राहील म्हणून बदलून नवी घातली. मी मदतनीस. हात पुढे कर म्हटलं की करायचा, मागे घे म्हटलं की घ्यायचा. पाचव्या दिवशी निळी उशी तिच्या जागी बसली.

मग दादाने कप घेतला. मी म्हणालो, "राहू दे रे." तो म्हणाला, "भर." मी भरला. "काठोकाठ," तो म्हणाला. टायरवाला पाना टाकून येऊन उभा राहिला, सीटकव्हरवालाही. दादाने गाडी काढली. कप या खेपेला त्याने माझ्या बाजूला ठेवला होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दुसरा गिअर पडला तसा खाडकन धक्का बसला आणि सगळं पाणी माझ्या मांडीवर.

परत आलो तर टायरवाला काचेपाशी हजर. "काय झालं? सांडला?"

"सांडला!" मी ओरडलो. "पुरता सांडला! माझी पॅन्ट बघा!"

"सांडलाच पाहिजे," दादा म्हणाला. ते ऐकायला टायरवाल्याला वाकावं लागलं नाही.

चढाची परीक्षा राहिली होती. दादाने बाईंना सांगितलं, मी बरोबर येईन, वाटेत काही झालं तर मी तिथे असेन. बाई चालवायला, दादा त्यांच्या शेजारी, मी मागे. पहिल्याच चौकात धक्का बसला आणि बाईंनी भुवया उंचावल्या.

"हे काय?"

"गिअर बदलला," दादा म्हणाला. "आता बदलला की तुम्हाला कळेल. मागच्या खेपेला मी तो तुमच्यापासून लपवला होता. ती माझी चूक होती बाई. कोणी काही बोलेल म्हणून मी चांगली स्प्रिंग काढून ठेवली होती."

मला मागच्या सीटवर घाम फुटला. गिऱ्हाइकापुढे कोणी असं बोलतं का? बाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"माझ्या शाळेत एक शिक्षक होते," त्या म्हणाल्या. "पोरं रडतील म्हणून नापास कोणाला करायचेच नाहीत." 

सातवं वळण आलं. तिथे खरंच कठडा नव्हता, मी खिडकीतून पाहिलं आणि लगेच पाहणं बंद केलं. दादा तेलाच्या गरमीचा काटा बघत होता, हात गुडघ्यांवर, बोटं ताठ. काटा जिथे होता तिथेच राहिला. खाडकन एक गिअर, पुन्हा खाडकन एक, आणि गाडी वळण मागे टाकून वर निघाली. आठव्या वळणापुढे दुधाची गाडी दिसली. बाईंनी पाय दाबला, इंजिन गुरगुरलं, आणि बाजूने जाताना त्यांनी काच खाली करून हात हलवला. दुधवाल्याने आधी डोळे विस्फारले, मग दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून टाळ्या वाजवल्या. मी ओरडलो, "अहो, हात ठेवा!"

वर पोचल्यावर बाईंची बहीण काठी टेकत दारात उभी होती. त्या दोघी भेटेपर्यंत दादाने बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढली होती. छत्रीच्या काळ्या कापडावर तेलाचा रंग दिसत नाही, म्हणून त्याने स्वतःचा पांढरा रुमाल काढला आणि त्यावर पुसली. लाल. स्वच्छ लाल. त्याने रुमाल हुंगला आणि माझ्यापुढे धरला. मीही हुंगला. मला त्या वासातलं काही कळत नाही, पण दादाचा चेहरा बघून माझे डोळे भरून आले, आणि वहिनीला दाखवायला तो रुमाल मी मागून घेतला.

ही गोष्ट इथे संपली असती. पण महिन्याभराने एक गृहस्थ दारात आले. त्यांच्याकडे अशीच जुनी गाडी, आणि त्यांना ताकद दुप्पट हवी होती, दीडपट नाही. हेडबाईंची गाडी त्यांनी चढावर पाहिली होती. मी बॉनेट उघडलं. इंजिन झकास होतं, माझे हात शिवशिवले. छाती आपोआप फुगली आणि "हो" जिभेच्या टोकापर्यंत आला.

तो मी गिळला. घशात हाड अडकावं तसा अडकला, पण गिळला. मागे वळलो आणि विचारलं, "दादा, जमेल का रे?"

मागच्या भागात पान्याचा आवाज थांबला. दादा गाडीखाली होता, मला फक्त त्याचे पाय दिसत होते. टायरवाला समोरून बघत होता. त्यालाही बहुधा कळलं असावं, कारण त्यानेही हवा भरायचं यंत्र बंद केलं.

"पेटी कुठली आहे?" गाडीखालून आवाज आला.

मी सांगितलं.

दादाने विचार केला. पुरता, घाई न करता, जेवताना नव्हे, कामाच्या वेळी. मग म्हणाला, "नाही."

मी गृहस्थांकडे वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो, "नाही जमणार." ते चिडून काहीतरी पुटपुटत निघून गेले. मला इतका आनंद झाला की ते दिसेनासे होईपर्यंत मी त्यांना हात हलवत राहिलो. मग मी स्टोव्ह पेटवला आणि चहा झाल्यावर दादाचा चहा त्या कान तुटलेल्या कपात ओतला, काठोकाठ.